जावयाचं कोरं घड्याळ

माझं लग्न ठरलं ते एका वाक्यावर. बैठक आमच्या धरणगावच्या घरी भरली होती. पोहे झाले, चहा झाला, मला एकदा समोर बसवून उठवूनही झालं. मग शिंदखेड्याहून आलेले माझे होणारे सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणायचे, मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आमले काही नको, मास्तर. फक्त पोरना हातले फॉरेननं घड्याय पाह्यजे."

बैठकीतले लोक माना डोलवायला लागले. काय माणसं आहेत, हुंड्याचं नावसुद्धा काढलं नाही! दाराआड उभ्या असलेल्या माझ्या मायनं पदरानं डोळे टिपले. मला मात्र राग आला होता, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीच्या रागाला त्या काळी कुत्रंही विचारत नव्हतं. नंतर कळलं, नानांना आपल्या थोरल्या मुलीच्या लग्नात जावयाला जपानी घड्याळ द्यावं लागलं होतं. ते दुःख त्यांच्या पोटात तसंच होतं. घरातून एक घड्याळ बाहेर गेलं, तर दुसरं घरात आलं पाहिजे, एवढा साधा त्यांचा न्याय.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. घरात माय बोलायची ती खानदेशी, पण आबा भाजीवालीशीसुद्धा पुस्तकातलं मराठी बोलायचे. खोटं बोलू नये, चोरीचा माल घेऊ नये, हे त्यांनी अर्ध्या धरणगावाला शिकवलेलं. आणि ऐंशीच्या दशकात फॉरेनचं घड्याळ दुकानात मिळत नव्हतं. दुकानात मिळायचं ते आपलं देशी, चावीचं, बिलासकट आणि गॅरंटीसकट. फॉरेनचं म्हणजे बिनबिलाचं. ते मुंबईच्या नाहीतर सुरतेच्या बाजूनं कुणाच्या तरी पिशवीतून यायचं आणि जळगावात कुणाच्या तरी मागच्या खोलीत विकलं जायचं. सरळ मार्गानं आणलेल्या घड्याळाच्या मानानं अर्ध्या भावात. तो अर्धा भावसुद्धा आबांनी पोस्टातलं खातं मोडून उभा केला.

घ्यावं की न घ्यावं, यावर आमच्या घरात महिनाभर खल चालला. आबा जेवताना मध्येच थांबायचे आणि एकेक भीती ताटाशेजारी मांडायचे. डुप्लिकेट निघालं तर? चोरीचं निघालं तर? त्या माणसावर धाड पडली आणि त्यानं गिऱ्हाइकांची नावं सांगितली तर? मास्तर स्मगलिंगचा माल घेताना सापडले, एवढं छापून आलं की नोकरी गेलीच. माय म्हणायची, मग नको घेऊ या. आबा म्हणायचे, मग लग्न? धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत.

सगळ्यांत मोठी भीती मात्र आबा बोलायचे नाहीत. ती मला कळायची. घड्याळ बंद पडलं तर दुकानदाराचं काही बिघडणार नव्हतं. आबांचंही धरणगावात बसून काय बिघडणार? भोगायचं होतं मला, शिंदखेड्यात, रोज सकाळ-संध्याकाळ. गॅरंटी नसलेल्या मालाची गॅरंटी मी होते.

शेवटी दसऱ्याच्या आधी आबांनी मन घट्ट केलं. जळगावला जाताना मला बरोबर घेतलं. पोरगी बरोबर असली की लोकांना वाटतं लग्नाचं कापड घ्यायला आलेत, असा त्यांचा हिशेब. गुन्हा कधी केलेला नसला की माणूस गुन्ह्याची तयारी किती करतो! आबांनी नवी टोपी घातली होती आणि ती घामानं भिजली होती.

पुढे खरंच कापडाचं दुकान होतं. मागच्या खोलीत गादीवर एक गोरा, गुबगुबीत माणूस बसलेला. बोलणं इतकं गोड की मुंग्या लागाव्यात. त्यानं टॉवेलच्या खोक्यातून घड्याळ काढलं. निळी तबकडी, त्यात वार आणि तारीख, आणि स्टीलचा जाड पट्टा. मी जन्मात इतकी देखणी वस्तू जवळून पाहिली नव्हती. राग बाजूला ठेवून सांगते, त्या क्षणी मला ते माझ्यासाठीच हवंसं वाटलं.

"याला चावी नाही, सेल नाही," तो म्हणाला. "गुरुजी, जावई म्हातारा होईल पण घड्याळ थांबायचं नाही."

आबांनी सवयीनं विचारलं, "पावती?"

तो हसला. "पावती पाहिजे तर पुढच्या दुकानात एक साडी घ्या. तिची देतील."

"आणि काही बिघडलं तर?"

"मी कुठे जातो? मी इथेच आहे ना."

हे वाक्य आबांनी घरी येईपर्यंत मला तीनदा ऐकवलं. मी इथेच आहे, म्हणाला तो. पळून जाणारा माणूस असं बोलत नाही. मी म्हटलं, पळून जाणारा माणूस दुसरं काय बोलेल? आबा नाराज झाले आणि खिडकीबाहेर कपाशी बघत बसले.

घरी मायनं घड्याळाला हळदकुंकू लावलं आणि डबीसकट देव्हाऱ्यात ठेवलं. मला एकदा मनगटावर धरून बघायचं होतं. मी नुसता हात पुढे केला, तर मायनं फटका मारला. "हात लावू नको. जवाईनं शे ते. कोरं ऱ्हाऊ दे."

जावयाला द्यायची वस्तू कोरी असावी लागते, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. धोतराची घडी मोडलेली चालत नाही, तांब्यात पाणी प्यालेलं चालत नाही. मग घड्याळ कुणाच्या हातातून उतरलेलं कसं चालेल? आबांनीही ते एकदा हाताला लावून पाहिलं नाही. मार्गशीर्षातल्या लग्नापर्यंत ते देवांच्या शेजारी पडून राहायचं होतं.

दसऱ्याच्या दिवशी मायनं पूजेसाठी डबी उघडली आणि ती किंचाळली. घड्याळ बंद पडलं होतं.

आबा धावत आले. त्यांनी ते उचललं, कानाला लावलं, तर चालू झालं. खाली ठेवलं. थोड्या वेळानं पाहिलं तर पुन्हा बंद. त्यांनी बाजूचं बटण पिळलं, तर नुसते काटे फिरले, आत चावी भरल्यासारखं काही लागेना. हलवलं की चालायचं, ठेवलं की मरायचं. आबा म्हणाले, आत काहीतरी सुटं झालंय. मायनं तर देवांकडे पाठच फिरवली. लग्नाची वस्तू, देव्हाऱ्यात, दसऱ्याला बंद पडते, यापुढे तिला काही ऐकायचं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस सगळे त्या डबीभोवती गेले. आबा शाळेत जाण्याआधी डबी उघडायचे, आल्यावर उघडायचे, जेवता जेवता उठून उघडायचे. गावात घड्याळं दुरुस्त करणारे होते, पण कुणाकडे नेणार? पहिला प्रश्न येणार, मास्तर, हे कुठून आणलं? पोलिसांत तक्रार करायची सोय नाही, शेजाऱ्याला सांगायची सोय नाही, शाळेतल्या सोबत्यांना विचारायची सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आबांची अन्नावरची वासनाच उडाली. एकदा मी त्यांना देव्हाऱ्यासमोर बसून घड्याळाशी बोलताना ऐकलं. "चाल रे बाबा," ते म्हणत होते. "पोरीचा जन्म आहे. चाल."

मला वाटलं, सांगावं की मोडा हे लग्न. पण सुपारी फुटली होती, मांडव सांगून झाला होता, आणि ठरलेलं लग्न मोडलेल्या मुलीला पुन्हा कोण विचारतं? आबांना हे माझ्याहून जास्त कळत होतं. एका सकाळी ते म्हणाले, "चल. तो इथेच आहे म्हणाला होता ना."

पुन्हा जळगाव. डबी माझ्या मांडीवर होती. गाडी अशी हादरत होती की दात वाजावेत. मागच्या खोलीत त्या माणसानं डबी उघडली, आणि घड्याळ चालू! ठणठणीत चालू. आबांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. खोटी तक्रार घेऊन आल्याची त्यांना लाज वाटली.

"आत्ता चालतंय," ते म्हणाले. "पण घरी बंद पडतं हो. हलवलं की चालतं आणि ठेवलं की बंद."

त्या माणसानं घड्याळ तळहातावर घेतलं. आबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "घरी कोणी हाताला घालतं का?"

"छे, छे! जावयाचं आहे. कोरं ठेवलंय."

वर पंखा फिरत होता आणि तो पंख्याकडे बघत होता. मग त्यानं घड्याळ ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर लावून घेतला.

"एखादा पीस निघतो असा," तो म्हणाला. "तुम्ही काळजी करू नका, गुरुजी. मी बदलून देतो. एक पैसा वर घेणार नाही."

त्यानं दुसरं काढलं. सोनेरी, पातळ, झगमगीत, सेलवर चालणारं. हे पहिल्यापेक्षा भारी आहे म्हणाला. आबांनी ते खाली ठेवून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, ते चालतच राहिलं. मग आबांनी त्या माणसाला हात जोडले. माझ्या बापानं त्या माणसाला हात जोडले आणि त्यानं ते जोडू दिले. वर आम्हाला चहा पाजला.

येताना आबा हलके झाले होते. "बघ," ते म्हणाले, "बिल नाही, कागद नाही, तरी शब्दाला जागला. दुनियेत माणसं आहेत अजून."

लग्न लागलं. मांडवात सोनेरी घड्याळ नवरदेवाच्या मनगटावर चढलं तेव्हा लोक वाकून वाकून बघत होते. माझा नवरा वीज मंडळात वायरमन. खांबावर चढताना घड्याळ काढूनच ठेवावं लागतं, त्यामुळे त्यांना त्याचं काही कौतुक नव्हतं. माणूस सरळ होता, पण नानांसमोर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. सरळपणाचा मला तिथे काय उपयोग!

संक्रांत झाली आणि घड्याळ थांबलं. नवा सेल घातला, तरी थांबलं. सोनेरी रंग घामानं गेला आणि मनगटावर हिरवा डाग पडला. नानांनी ते धुळ्याला नेलं. तिथल्या घड्याळजीनं उघडून दाखवलं, आत प्लॅस्टिक. नाना घरी आले ते ओट्यावरूनच ओरडत आले, "डुप्लिकेट! मास्तरनी जवाईले डुप्लिकेट दिनं!"

त्या दिवसापासून मला घरात कामाची कमी पडली नाही आणि बोलण्याचीही. भाकरी करपली तरी घड्याळ, दूध उतू गेलं तरी घड्याळ. कुणी किती वाजले विचारलं की सासू म्हणायची, सुनेच्या बापाला विचारा. मी ऐकून घ्यायचे. न ऐकून करते काय? आबांनी डुप्लिकेट दिलं होतं, हे खरंच होतं.

मग आखाजी आली. आमच्या खानदेशात मुलींना दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, चार दिवस त्यांना कुणी काम सांगत नाही. लग्नानंतरची पहिली आखाजी तर मुलगी चैत्रापासून मोजते. मीही मोजत होते. नानांनी धरणगावला निरोप धाडला: पहिले घड्याळ, मग पोरगी.

माझी नणंद मात्र आखाजीला तिच्या माहेरी, म्हणजे आमच्या घरी आली. तिला सोडायला तिचा नवरा, म्हणजे माझा नंदोई, आला होता. हाच तो जावई, ज्याला नानांनी जपानी घड्याळ दिलं होतं. नुकताच टायफॉइडमधून उठलेला, हडकलेला. सकाळी ओसरीवर बसून त्यानं खिशातून घड्याळ काढलं. मी समोर डाळ निवडत होते. निळी तबकडी, वार, तारीख, जाड पट्टा. माझे हात थांबले.

त्यानं ते दोन-चार वेळा झटकलं, वेळ लावली आणि हातात घातलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "बिघडलंय का, भाऊ?"

"नाही वहिनी. आजारपणात काढून ठेवलं होतं ना. हे ऑटोमॅटिक. हाताच्या हालचालीवर चालतं. काढून ठेवलं की झोपतं, घातलं की उठतं." आणि तो हसला. "याला माणसाचा हात लागतो."

मी मान खाली घातली आणि डाळ निवडत राहिले. खडे कुठले, डाळ कुठली, काही दिसत नव्हतं. आमचं घड्याळ चांगलं होतं. त्याला काहीही झालेलं नव्हतं. आम्ही चोरट्या बाजारातून खरी वस्तू आणली आणि स्वतःच्या पायांनी चालत जाऊन ती परत देऊन आलो. तो पंख्याकडे बघत होता तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं त्याला, गुरुजी, हाताला घाला म्हणून. मला त्याचा गळा धरावासा वाटला. मग मायचा राग आला, कोरेपणाचा राग आला, आणि आबांनी जोडलेले हात आठवले तेव्हा रागसुद्धा उरला नाही. मी ठरवलं, हे आबांना कधीही कळू द्यायचं नाही. त्यांना एवढंच वाटू दे की घड्याळ खोटं निघालं. नशिबाला बोल लावता येतो तोवर माणूस जगतो.

आखाजीच्या आदल्या दिवशी आबा आले. मी स्वयंपाकघराच्या दारामागून पाहिलं. ते तब्येतीनं उतरले होते, सदरा अंगावर लोंबत होता. हातात माझ्यासाठी सांजोऱ्यांचा डबा. नाना ओसरीवर, नंदोई बाजूला, माझा नवरा खांबाला टेकून उभा, शेजारचे दोघे-तिघे मजा बघायला आलेले.

"मास्तर, घड्याय कोठे शे?" नानांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

आबा हात जोडून उभे राहिले. "नाना, पोरीला चार दिवस पाठवा. सण आहे. घड्याळाचं मी बघतो. मी जळगावला त्याच माणसाकडे जाऊन येतो. तो यावेळी एक नंबर माल देईल."

"त्याच चोरकडे?"

"माणूस वाईट नाही, नाना," आबा म्हणाले. "पहिलं घड्याळ बिघडलं होतं, ते त्यानं विनातक्रार बदलून दिलं. शब्दाचा माणूस आहे. सोसायटीचं कर्ज मंजूर झालंय माझं, या आठवड्यात घेऊन येतो."

मी काय ठरवलं होतं, ते सगळं तिथेच संपलं. हा माणूस कर्ज काढून पुन्हा त्याच खोलीत जाऊन बसणार होता. पुन्हा चहा पिणार होता. सासऱ्यांसमोर सुनेनं आवाज काढायचा नसतो. मी उंबऱ्याबाहेर आले.

"आबा, जाऊ नका," मी म्हटलं. "पहिलं घड्याळ बिघडलेलं नव्हतं. ते यांच्यासारखंच होतं." मी नंदोयांच्या हाताकडे बोट केलं. "हातात घातलं की चालतं ते. आपण देव्हाऱ्यात ठेवलं म्हणून थांबलं. त्याला माहीत होतं. त्यानं आपल्याला फसवून चांगलं घेतलं आणि डुप्लिकेट दिलं."

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग ते हळूच नंदोयांकडे वळले, वर्गात मुलानं विचारावं तसे. "असं असतं का हो?"

नंदोई ओशाळले. "हो गुरुजी. ठेवलं की बंदच पडतं."

आधी शेजारचा एक जण फिसकन हसला. मग नानांना ते पूर्ण समजलं, आणि ते मांडीवर थाप मारून हसायला लागले. "बठ्ठा ऐका रे! मास्तर चालू घड्याय वापस दी उनात!" आतून सासू आली, नणंद आली, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं गेलं. देव्हाऱ्यात ठेवलं! हळदकुंकू लावलं! चहा पिऊन आले! नानांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझा नवरासुद्धा हसला, तोंडावर हात धरून का होईना. मी आबांकडे बघत होते. ते आधी नुसते उभे होते. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि तेही हसायला लागले. सगळ्यांत मोठ्यानं हसले. "काय सांगू नाना," ते म्हणाले, "रोज त्याला म्हणायचो, चाल रे बाबा, चाल!" त्यावर तर ओसरी लोळायला लागली.

हसून हसून नानांचा राग निवला. घड्याळाचं त्यांना काही राहिलं नाही. सोयऱ्याधायऱ्यांत वर्षानुवर्षं सांगायला गोष्ट मिळाली होती, आणि ती त्यांनी सांगितलीही, प्रत्येक लग्नात, आबा समोर असताना. त्यांनी आबांच्या पाठीवर थाप मारली, जेवायला बसवलं, आणि सासूला म्हणाले, "आंडेरले धाडी दे." पोरीला पाठवून दे म्हणजे.

दुपारच्या पॅसेंजरनं आम्ही निघालो. डबा आखाजीला निघालेल्या लेकींनी भरलेला होता, सगळ्या मोठमोठ्यानं बोलत होत्या. नरडाणा स्टेशन गेलं. मी म्हटलं, "आबा, मी तिथे बोलायला नको होतं."

"बरं केलंस," ते म्हणाले. "हसले म्हणून तुला पाठवलं. चिडलेलेच राहिले असते तर नसतं पाठवलं."

आणि त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. मला त्यांचा हात धरायचा होता. मी धरला नाही. धरला असता तर ते भरल्या डब्यात सगळ्यांसमोर रडले असते, आणि त्या दिवशी त्यांच्याकडे लोकांनी पुरेसं बघून घेतलं होतं.